हत्तीणबाईंनी आज काय खाल्लं?

मी एक जुनी कापडी हत्तीण आहे. माझा एक कान दुसऱ्यापेक्षा फिका आहे, कारण बरीच वर्षं त्या बाजूनं माझ्यावर ऊन पडत आलंय. मी सांगणार आहे ती गोष्ट २०१७ सालची. उन्हाळा संपत आला होता आणि हैदराबादेतल्या मुलांच्या एका दवाखान्यात मी कामाला होते. तिथं एके दिवशी ज्यानं त्यानं माझं कौतुक केलं. मित्रांनो, त्या कौतुकाची मला अजून लाज वाटते. का वाटते, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

मला अपर्णानं शिवलं. ती मूळची पुण्याची. नवऱ्याची, म्हणजे मंदारची, कॉम्प्युटरची नोकरी त्यांना इकडे घेऊन आली. मंदार सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा, आणि हिच्या वाट्याला रिकामं घर आणि एक शिलाई मशीन. एकदा शेजारणीच्या मुलाचं ऑपरेशन होतं, म्हणून अपर्णा सोबतीला गेली. त्या मुलाला 'आईस्क्रीम खायला जाऊ' असं सांगून आणलेलं होतं. ऑपरेशन थिएटरचं मोठं हिरवं दार दिसल्यावर त्याला कळलं की इथं आईस्क्रीम नाही. मग माणसांनी त्याचे हातपाय धरून त्याला आत नेलं. दार लागलं तरी त्याचा आवाज बाहेर येत होता.

पुढच्या आठवड्यात अपर्णा त्याच दवाखान्यात परत गेली आणि मोठ्या सिस्टरना म्हणाली, "मला मुलांशी खेळायला बसू द्या. पगार नको."

माझं राखाडी कापड सुलतान बाजारातल्या कटपीसच्या ढिगातून आलं, आणि कापूस बेगम बाजारातून. सोंड आधी इतकी लांब झाली की भूल द्यायचा मास्क तिच्यावर बसेना. अपर्णानं ती निम्मी कापली. हत्तीण म्हणून मला ते फारसं शोभत नाही, पण मास्क अगदी मापात बसतो. पोटाला तिनं एक खिसा ठेवला आणि मंदारच्या जुन्या कोटाचं बटण लावलं. आत एक मास्क, थोडी पट्टी आणि सुई नसलेली एक सिरिंज. डोळ्यांना काळे मणी. तोंड म्हणजे लाल दोऱ्यानं घातलेली एक हसरी रेघ. ते कधी उघडत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

माझं काम काय होतं? ज्या मुलाचं ऑपरेशन व्हायचं, त्याच्याकडे मी आदल्या दिवशी जायची. ते मूल माझं डॉक्टर व्हायचं. माझ्या सोंडेवर मास्क ठेवायचं, मला मोठा श्वास घ्यायला सांगायचं, माझ्या पायाला पट्टी बांधायचं. जी वस्तू दुसऱ्याच्या हातात भीतीदायक वाटते, ती आपल्या हातात आली की तिची भीती कमी होते. अपर्णा मुलांशी खोटं बोलायची नाही. "दुखेल का?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "झोपेत काही नाही दुखणार. उठल्यावर थोडं दुखेल. तेव्हा आई जवळ असेल आणि औषध पण असेल."

आणि आमच्या खेळात एक नेम होता. मूल उपाशी, तर हत्तीणही उपाशी. ऑपरेशनच्या दिवशी हिरव्या दारापाशी पोचलो की अपर्णा खाली वाकायची आणि मुलाला विचारायची, "डॉक्टरसाहेब, हत्तीणबाईंनी आज काय खाल्लं?" मूल ऐटीत सांगायचं, "काही नाही!" मग दार उघडायचं आणि मी त्याच्या काखेतून आत जायची.

कितीतरी मुलांबरोबर मी अशी आत गेले. मोठे डॉक्टर माझ्या सोंडेला हात लावून पुढे जात. दर शनिवारी मला गरम पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घालत. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता, आणि तो लपवण्याचं मला कधी सुचलंही नाही.

मग पिंकी आली.

पिंकी पाच वर्षांची होती. ती बरकतपुऱ्यात राहायची. वडील प्रबुद्ध विमा कचेरीत, आई रेणुका शाळेत शिक्षिका. घरातली तिसरी मोठी व्यक्ती म्हणजे आजी, पार्वतीबाई. आजी नांदेडकडच्या. मुलाला इथं नोकरी लागल्यापासून इथंच होत्या. पिंकी खोकलली की जांघेत एक गाठ फुगायची. हर्निया. डॉक्टरांच्या दृष्टीनं छोटं काम होतं.

आदल्या दिवशी आमचा खेळ रंगला. माझ्या सोंडेवर मास्क बघून पार्वतीबाई पदराआड हसल्या. "काय ग माय, ह्या हत्तिणीला सर्दी झाली का काय?"

"आज्जी, हसू नक्को," पिंकी म्हणाली. "ती सो रही. तिचं ऑपरेशन चालू आहे."

"बरं बाई. उठली की सांग. चहा पाजू तिला."

"चहा नक्को! ऑपरेशनच्या आधी काहीच नाही खायचं, हौ ना अपर्णामावशी?"

"हौ," अपर्णा म्हणाली. इतक्या वर्षांत 'हो'साठीचा हा हैदराबादी शब्द तिच्याही तोंडात बसला होता. मग तिनं पिंकीला समजावून सांगितलं, की आपण गाढ झोपतो तेव्हा पोटातलं अन्न वर येऊन चुकीच्या वाटेनं, श्वासाच्या नळीत जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं हवं. पिंकीला ते पटलं. सांगताना अपर्णाचं तोंड पिंकीकडे होतं आणि पाठ पार्वतीबाईंकडे. आजी तेव्हा पिशवीतून केळी काढून छोट्याशा डब्यात कोंबत होत्या. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. त्यांना घरी सुनेनं एवढंच सांगितलं होतं, की उद्या सकाळी लेकराला काही द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पिंकीचा नंबर सकाळी पहिला होता. पण एक बाळ एकाएकी फार आजारी होऊन आलं आणि त्याला आधी आत घ्यावं लागलं. पिंकीचा नंबर पुढे गेला. मग आणखी पुढे गेला. प्रबुद्ध चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. रेणुका शाळेत फोन करायला जिन्याकडे गेली. अपर्णा दुसऱ्या एका रडणाऱ्या मुलापाशी होती. खाटेवर पिंकी, मी आणि आजी.

"आज्जी, भूक लगी."

"थांब माझ्या लेकरा. होईल आता."

"आज्जी, पोट दुखतंय भुकेनं."

पार्वतीबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. थर्मासमधून झाकणात चहा ओतला. पदराखालून कागदाची पुडी निघाली. सकाळी समोरच्या इराणी हॉटेलातून आणलेली उस्मानिया बिस्किटं. एक बिस्कीट चहात बुडवून त्यांनी पिंकीला भरवलं. मग दुसरं. पिंकी इतकी भराभर खात होती की आजींचे डोळे भरून आले.

"हे आपल्या दोघींतच बरं का. आईला सांगायचं न्हाई."

पिंकीनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. "आज्जी, हत्तीण पण सकाळपासून उपाशी आहे." आणि तिसरं बिस्कीट मोडून त्याचा अर्धा तुकडा तिनं माझ्या पोटाच्या खिशात ठेवला, उरलेला पुडीत परत टाकला. बटण लावलं. वरून थोपटलं.

मित्रांनो, त्या खोलीत खरं काय ते जाणणाऱ्या आम्ही तिघी होतो. एकीला गुपित पाळायला सांगितलं होतं. एकीला धोक्याची कल्पना नव्हती. तिसरी मी. उपाशी का राहायचं हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते पाठ होतं. आणि माझं तोंड शिवलेलं.

थोड्या वेळानं बोलावणं आलं. पिंकी मला काखेत घेऊन निघाली. रडली नाही, थांबली नाही. भूल द्यायच्या मास्कला स्ट्रॉबेरीचा वास असतो, हे अपर्णानं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. वाटेत दिसेल त्याला सांगत होती, "मी स्ट्रॉबेरीचा वास घेणार आहे!" एक सिस्टर दुसरीला म्हणाल्या, "इतकं शहाणं पोरगं मी पाहिलं नाही." दुसरी म्हणाली, "ही सगळी हत्तीणबाईची कमाल." मोठ्या सिस्टरनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. प्रबुद्ध हात जोडून अपर्णाला म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत. आम्हाला वाटलं होतं ही आकांत करेल."

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, हिनं आकांत करावा. मला फेकून द्यावं, भिंतीला पाठ लावून उभं राहावं, म्हणजे निदान कुणीतरी थांबेल. एखादं मूल रडावं असं माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच वाटलं. मी तिला धीटपणा शिकवला होता, आणि त्या धीटपणाच्या जोरावर ती हसत हसत नको त्या दाराकडे चालली होती. मी तिच्या बरोबर होते. माझ्या पोटात बिस्कीट होतं.

हिरव्या दारापाशी भूल देणाऱ्या डॉक्टर नसरीन उभ्या होत्या. त्यांना उशीर झाला होता.

"सुबे से कुछ खाई क्या बच्ची?"

"कुछ नहीं डॉक्टर," रेणुका म्हणाली. "पानी भी नहीं." तिला तेच खरं वाटत होतं.

मागे पार्वतीबाई उभ्या होत्या. त्यांना हिंदी समजत होतं. त्यांचा पदर तोंडापाशी गेला आणि तिथंच राहिला. पुढ्यात मुलगा, सून, डॉक्टर. दोन बिस्किटांनी काय होतंय, असं त्या मनाला सांगत असतील. पण त्यांचे डोळे तसं म्हणत नव्हते.

"चलो अपर्णा, जल्दी," डॉक्टर म्हणाल्या. "खेल-वेल बाद में."

अपर्णानं दाराला हात लावला. मग घाईतसुद्धा ती खाली वाकली. नेम तो नेम.

"डॉक्टरसाहेब, हत्तीणबाईंनी आज काय खाल्लं?"

 पिंकीनं मला घट्ट धरलं. मान वळवून आजीकडे पाहिलं.

"काही नाही ना?" अपर्णानं विचारलं.

"हत्तीणनं बिस्कीट खाल्लं," पिंकी पुटपुटली. "मी नाही सांगितलं, आज्जी. हत्तीणचं सांगितलं."

अपर्णानं माझं बटण काढलं. तिच्या तळहातावर अर्धं बिस्कीट आलं. तिचा चेहरा बदलला, पण आवाज तिनं बदलू दिला नाही. "अगं बाई! मग आज हत्तीणबाईंचं ऑपरेशन करता येणार नाही. आणि पिंकी, हत्तीणबाईंच्या मैत्रिणीनं काय खाल्लं ग?"

पिंकीनं पुन्हा आजीकडे पाहिलं. ती बोलणार त्याआधी मागून आवाज आला.

"मी दिलं." पार्वतीबाई पुढे झाल्या. "दोन बिस्किटं. चहात बुडवून. लेकराला काही बोलू नका. मी दिलं."

डॉक्टर नसरीन ओरडल्या नाहीत. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि भिंतीला टेकून एक लांब श्वास सोडला. मग म्हणाल्या, "अच्छा हुआ अम्मा, बोल दिए. बहुत अच्छा हुआ." आणि त्यांनी आजींना खुर्चीवर बसवून सांगितलं, की भुलेत असताना पोटातलं वर आलं तर लेकराला श्वास घेता येत नाही. जिवावर बेततं. आजी ऐकत होत्या. ऐकता ऐकता खुर्चीवरून घसरून खाली फरशीवर बसल्या.

त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही.

बाहेरच्या वऱ्हांड्यात प्रबुद्धांचा तोल गेला. "आई, एवढं सांगून सुद्धा? तुला कळत कसं नाही?"

"सांगितलं रे तुम्ही. देऊ नको म्हणून सांगितलं. का देऊ नको, ते सांगितलं का कुणी मला?" आजी वर न बघता बोलत होत्या. "दुष्काळात खडी फोडायला जायचे मी. तुझी मोठी बहीण लिंबाखाली ठेवलेली असायची. भाकर मागू मागू निजायची. माझ्यापाशी नसायचीच, तर देऊ कुठून? आज पुडी हातात होती, प्रबुद्ध. हातात असून न्हाई म्हणायचं मला जमलं न्हाई."

 रेणुका हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. कागद इंग्रजीत होता. मला वाटलं, आईंना कशाला एवढं समजावायचं."

"माझीही आहे," अपर्णा म्हणाली. "आजी, काल मी हे सगळं पिंकीला समजावलं. तुम्ही तिथंच होतात आणि मी तुमच्याकडे पाठ करून बसले होते."

मला वाटलं, मीही काहीतरी बोलावं. माझं तोंड हसतच राहिलं. त्या हसऱ्या रेघेचा मला तेव्हा राग आला होता.

पिंकी आजीजवळ जाऊन उभी राहिली. "आज्जी, मी सीक्रेट फोडलं. तू मेरे पे गुस्सा आहेस?"

पार्वतीबाईंनी तिला मांडीत ओढलं. "तू नाही ग चुकलीस. मी चुकले. बिस्कीट दिलं ते चुकलंच, पण लपव म्हणाले ते जास्ती चुकलं. माझ्यापायी तुला हत्तिणीच्या नावानं बोलावं लागलं. पुन्हा मी जर म्हणाले, आईला सांगू नको, तर आधी आईला जाऊन सांगायचं. समजलं?"

"आणि हत्तीणला?"

"हत्तिणीला पण सांग. ती शहाणी आहे. माझ्यापरीस."

पुढच्या आठवड्यात तारीख मिळाली. आदल्या दिवशी अपर्णानं खुर्ची फिरवून ठेवली, म्हणजे पिंकी आणि आजी दोघी तिच्या समोर. या वेळी माझ्या सोंडेवर मास्क पार्वतीबाईंनी ठेवला. नीट, बेतानं ठेवला. सकाळी त्यांनी स्वतः चहाचा घोट घेतला नाही. "लेकरू उपाशी, हत्तीण उपाशी, मग मी कोण लागून गेले?" पिंकीनं भूक लागली म्हटलं की त्या म्हणायच्या, "मला पण लागली. चल, दोघी मिळून भुकेला शिव्या देऊ." आणि दोघी खरंच द्यायच्या. आजींच्या शिव्या सिस्टरना कळत नव्हत्या, हे एक बरं होतं.

दारापाशी प्रश्न आला. पिंकीनं आधी आजीकडे पाहिलं, आजीनं मान डोलावली, आणि पिंकी एवढ्या मोठ्यानं "काही नाही!" म्हणाली की डॉक्टर नसरीन हसल्या. दार उघडलं. आत स्ट्रॉबेरीचा वास होता. तिचा हात माझ्या सोंडेवरून हळूहळू सैल झाला, आणि नंतर तोच हात मला शोधत जागा झाला.

त्यानंतर अपर्णा खुर्ची नेहमी फिरवूनच ठेवायची. आई, वडील, आजी, आजोबा, जो कुणी सोबत आला असेल तो खेळात. मी आणखी जवळजवळ तीन वर्षं काम केलं. मग तो मोठा आजार देशभर पसरला आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या सगळ्या खेळण्यांना दवाखान्यात बंदी आली. मला खोक्यात ठेवलं. खोकं माळ्यावर गेलं. तिथं कुणी मला काही विचारत नव्हतं, म्हणून मी स्वतःलाच विचारत राहायची, की त्या दिवशी अपर्णा घाईत वाकली नसती तर?

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरातून कुणी दवाखान्यात निघालं, लहान असो की म्हातारं, त्याला आईस्क्रीमचं नाव सांगून नेऊ नका. जे होणार आहे ते सांगा. नुसतं 'हे करू नको' म्हणून थांबू नका, का नको तेही सांगा. आणि कुणी मोठ्या माणसानं प्रेमानं तुमच्या हातावर एखादं गुपित ठेवलं आणि ते तुम्हाला जड झालं, तर बोला. स्वतःच्या नावानं बोलवत नसेल तर माझ्या नावानं बोला. मी रागावणार नाही. माझं तोंड शिवलेलं आहे, तुमचं नाही.

आता त्या सगळ्यांचं काय झालं, ते सांगून थांबते.

डॉक्टर नसरीन दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथंही त्या दाराशी मुलांना त्यांच्या बाहुल्यांच्या पोटाचं विचारतात, असं ऐकलं. मंदारची बदली झाली आणि अपर्णा पुण्याला परतली. जाण्याआधी तिनं माळ्यावरून मला काढलं, धुतलं, आणि ऑटोनं बरकतपुऱ्याला नेऊन पिंकीच्या हातात दिलं. तेव्हापासून मी तिच्या खिडकीत आहे. प्रबुद्धांचे केस पांढरे झाले. आईशी बोलताना आता ते 'का' सांगणारं एक वाक्य जास्त बोलतात. रेणुका शाळेच्या सूचना आजी-आजोबांसाठी तेलुगू, उर्दू आणि मराठीत लिहून लावते. पिंकी मोठी झाली. मराठी अडखळत वाचते, पण हे मी सांगतेय ते तिनं वाचलं तर तिला कळेल.

आणि पार्वतीबाई. मागल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. त्या घाबरल्या होत्या, पण कुणाला सांगत नव्हत्या. सकाळी स्ट्रेचर दारापाशी थांबलं, तेव्हा पिंकीनं दप्तरातून मला काढलं आणि आजीच्या उशाशी ठेवलं. मग ती वाकली.

"डॉक्टरसाहेब, हत्तीणबाईंनी आज काय खाल्लं?"

पार्वतीबाईंनी माझं बटण काढलं. खिसा आतून नीट चाचपून पाहिला. मग नातीकडे बघून म्हणाल्या, "काही नाही. आणि मी पण काही नाही. आईला विचार."

दार उघडलं. आता त्या काठी टेकून घरात फिरतात, आणि संध्याकाळी चहाबरोबर दोन उस्मानिया बिस्किटं खातात. तिसऱ्यातलं अर्धं माझ्यापुढे ठेवतात.